पाहुण्यांबरोबर पाहिलेलें कोल्हापूर

परगांवचा पाहुणा आला म्हणजे त्याला गांव दाखविण्याचें काम घरांतील एखाद्या रिकामटेकड्या माणसाकडे येतें. आमच्या घरांत तो मान गेलीं कैक वर्षें माझ्याकडे आहे. त्यामुळें विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या निरनिराळ्या योजनांतून आलेल्या परदेशी मुलामुलींबरोबर, आणि त्यांचें यजमानपद पत्करलेल्या आपल्याकडील विद्यार्थ्यांबरोबर, कोल्हापुरांत हिंडण्याचे प्रसंग मला बरेच आले. अशा मंडळींचा क्रम ठरलेला असतो. सकाळीं अंबाबाई, मग नवा राजवाडा, दुपारीं झणझणीत जेवण, सायंकाळीं रंकाळा, आणि मधल्या फटींत चपलांची खरेदी. यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु पाहुणे जर पोलंड देशाचे असतील, तर हा सारा क्रम उलटा करावा असें माझें मत आहे. आणि असे पाहुणे यापुढें अधिक येण्याचा संभव असल्यामुळें तें चार लोकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु.

ता. २१ ऑगस्ट २०२४ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं पोलंडची राजधानी वॉर्सा येथें एक घोषणा केली. नवानगरचे जामसाहेब यांच्या स्मरणार्थ दरवर्षीं वीस पोलिश तरुणतरुणींना भारतभेटीस बोलावण्याची ती योजना होय. त्याच मुक्कामांत त्यांनीं त्या शहरांतील आणखी एका स्मारकावर फुलें वाहिलीं. त्या स्मारकावर नांव आहे तें आपल्या कोल्हापूरचें. वर्तमानपत्रांत ही बातमी वाचून ‘आपल्या गांवाचें नांव इतक्या दूर कसें गेलें?’ असा प्रश्न येथील पुष्कळ सुशिक्षित घरांतहि विचारला गेला. ज्यांच्या गांवची ही गोष्ट त्यांनाच ती ठाऊक नसावी, याचें मला नवल वाटलें. पण फार नाहीं. दिव्याखालीं अंधार असावयाचाच.

गोष्ट अशी. दुसरें महायुद्ध १९३९ सालीं पोलंडवरील स्वारीनेंच सुरू झालें. पश्चिमेकडून जर्मनीनें व पूर्वेकडून सोव्हिएट रशियानें तो देश वांटून घेतला. पूर्वेकडील भागांतील लक्षावधि पोलिश नागरिकांना १९४० व १९४१ सालीं घरांतून उठवून, मालगाडीच्या डब्यांत कोंडून, सैबेरिया-कझाकस्तानासारख्या मुलखांत मजुरीस धाडण्यांत आलें. थंडीनें, उपासमारीनें व रोगानें त्यांतले किती मेले याची गणती आजहि एकमतानें झालेली नाहीं. पुढें जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हां रशियाला मित्रांची गरज भासली. जुलै १९४१ मध्यें लंडन येथील पोलिश सरकाराशीं करार होऊन या लोकांची सुटका झाली. पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यांत दाखल झाले, आणि बायकामुलें त्या सैन्याच्या मागोमाग कास्पियन समुद्र ओलांडून १९४२ सालीं इराणांत उतरलीं. आतां यांना ठेवावयाचें कोठें? जामसाहेब दिग्विजयसिंहजींनीं आपल्या संस्थानांत बालाचडी येथें सुमारें हजार मुलांना आसरा दिला. त्याच्या पुढच्या वर्षीं, म्हणजे १९४३ सालीं, कोल्हापूरजवळ वळिवडे येथें याहून कितीतरी मोठी वसाहत उभी राहिली. तेथें सुमारें पांच हजार पोलिश माणसें, बहुतेक स्त्रिया व मुलेंच, १९४८ पर्यंत राहिलीं.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, पोलिश पाहुण्यांना घेऊन प्रथम वळिवड्यास जावें, आणि तेंहि आगगाडीनें जावें. मोटारीनें गेल्यास वेळ वांचतो हें खरें. पण कोल्हापूर-मिरज हा लोहमार्ग १८९१ पासूनचा आहे, आणि मिरजेकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीनें निघालें म्हणजे थोड्याच वेळांत वळिवडे स्टेशन येतें. छोटेंसें स्टेशन, आजूबाजूस ऊंस, पलीकडे पंचगंगेच्या कांठची काळी जमीन. कोल्हापूरच्या मुलांना यांत पाहण्यासारखें कांहींच दिसत नाहीं. ज्याची आजी अथवा पणजी वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षीं, अर्धें जग हिंडून, याच परिसरांत राहावयास आली, त्याला मात्र या उंसाच्या फडाकडे नुसतें पाहून पुढें जातां येत नाहीं.

वसाहतींत लांबच लांब बराकी होत्या, आणि एकेका कुटुंबास त्यांतल्या खोल्या दिलेल्या होत्या. शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होतें, दवाखाना होता, नाटकगृह होतें, बालवीरांचीं पथकें होतीं. पोलिश मुलांनीं आपलें शिक्षण आपल्याच भाषेंत, आपल्याच शिक्षिकांच्या हाताखालीं, पंचगंगेच्या कांठीं केलें. बालाचडीची वसाहत १९४६ सालीं बंद झाली तेव्हां तेथील मुलेंहि येथेंच आलीं. सारांश, आपल्या शिवारांत पांच वर्षें एक लहानसें पोलंड नांदत होतें. एका पोलिश मुलीनें तर येथल्याच एका महाराष्ट्रीय तरुणाशीं विवाह करून कोल्हापुरांत संसार थाटला. परक्या देशांतली, परक्या धर्मांतली मुलगी त्या काळीं सून म्हणून घरांत घेणें म्हणजे काय, याची कल्पना आमच्या वाचक-भगिनींना सहज करतां येईल.

येथें यजमान मंडळींना एक सूचना करावीशी वाटते. पाहुण्यांपुढें ‘आम्हीं तुम्हांला वांचविलें’ असा सूर लावूं नये. तो अशोभनीय तर आहेच, शिवाय पुरता खराहि नाहीं. त्या वेळीं कोल्हापूरचे छत्रपति अल्पवयीन होते, व कारभार महाराणी ताराबाईसाहेबांच्या रीजन्सीकडे होता. संस्थानानें जागा दिली, शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं माणुसकीनें वागविलें, बाजारानें सामावून घेतलें, हें सारें खरेंच. परंतु वसाहतीचा खर्च मुख्यतः लंडनचें पोलिश सरकार करी, आणि रोजचा कारभार ते लोक स्वतः पाहात. उपकाराची भाषा ऐकली कीं पाहुण्यानें सौजन्यानें मान डोलवावी आणि यजमानानें फुशारून जावें, असा देखावा होतो. त्यांत दोघांच्याहि हातीं कांहीं लागत नाहीं. त्यापेक्षां त्या लोकांना युद्ध संपल्यावर घरीं कां जातां आलें नाहीं, हें विचारावें. १९४५ सालीं ब्रिटननें लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, आणि बहुतेकांचीं घरें ज्या प्रांतांत होतीं तो प्रांतच रशियाच्या हद्दींत गेला. युद्ध जिंकणाऱ्यांच्या बाजूला असूनहि त्यांचें घर गेलें. कोणी ब्रिटनला गेले, कोणी आफ्रिकेस, कोणी ऑस्ट्रेलियास. थोडे पोलंडांत परतले. हें ऐकतांना आपल्या मुलांचे चेहरे पाहावे. इतिहासाच्या पुस्तकांत महायुद्धाच्या शेवटीं सगळे आनंदानें घरीं परतलेले असतात.

वळिवड्यास आज त्या बराकी शोधूं जाल तर मिळणें कठीण. त्या कोठें गेल्या याचेंहि उत्तर जवळच आहे. पोलिश लोक जाऊं लागले त्याच सुमारास देशाची फाळणी होऊन सिंधमधून निर्वासितांचे लोंढे येऊं लागले, आणि त्याच रिकाम्या बराकींत सिंधी कुटुंबें उतरविण्यांत आलीं. त्या वस्तीचें पुढें गांधीनगर झालें. तेंच हें कापडाच्या घाऊक बाजाराचें गांधीनगर! एकदां माझ्याबरोबर आलेली कोल्हापूरचीच एक कॉलेज-कन्यका हें ऐकून थबकलीच. तिच्या बहिणीच्या लग्नाचा सारा बस्ता गांधीनगरांत घेतलेला. या पेठेंत ती वीस वेळां आली असेल. पण हे दुकानदार येथें कोठून आले, हें तिनें कधीं विचारलें नव्हतें. तिच्याबरोबरच्या पाहुणीनें मग एका वृद्ध दुकानदारास, हिच्याच मार्फत, तोच प्रश्न विचारला. त्याचे वडील सिंधमधून आलेले. एकाचें घर रशियांत राहिलें, दुसऱ्याचें पाकिस्तानांत, आणि छप्पर दोघांनाहि एकच मिळालें. त्या दुकानांत आम्हीं अर्धा तास बसलों, आणि एक टॉवेलसुद्धां विकत न घेतां चहा पिऊन उठलों.

वळिवड्यास सप्टेंबर २०१९ मध्यें स्मृतिस्तंभाचें अनावरण झालें. त्या वेळीं, बालपण येथें घालविलेले कांहीं वृद्ध स्त्रीपुरुष दूरदूरच्या देशांतून मुद्दाम आले होते. त्याच्या आदल्याच महिन्यांत पंचगंगेच्या महापुरानें कोल्हापूरची दैना केली होती, तरी समारंभ झाला. शहरांत महावीर उद्यानांतहि एक स्मारक १९९८ पासून उभें आहे. उद्यानांत संध्याकाळीं फिरावयास जाणारे शेंकडों लोक त्याच्या शेजारून जातात.

पण माझ्या मतें पाहुण्यांबरोबर जाण्याचें खरें ठिकाण म्हणजे येथील ख्रिस्ती दफनभूमींतील पोलिश लोकांच्या कबरी. वळिवड्यास राहात असतां जीं माणसें वारलीं तीं येथें विसावलीं आहेत. येथें एक गमतीचा, खरें म्हणजे गंभीर, पालट होतो. सकाळपासून आपलीं मुलें वाट दाखवीत असतात आणि पाहुणे मागून चालत असतात. येथें आल्यावर दगडांवरील नांवें आपल्या मुलांना वाचतां येत नाहींत. जोडाक्षरांचा नुसता गुंता वाटतो. मग पाहुणा पुढें होतो, एकेक नांव मोठ्यानें उच्चारतो, हें बाईचें, हें पुरुषाचें, असें समजावून देतो. आपल्या गांवांत आपण परके आणि पाहुणा जाणता! गांव दाखविण्याच्या माझ्या इतक्या वर्षांच्या उद्योगांत मुलांचीं टोळकीं इतकीं शांत झालेलीं मीं दुसरीकडे पाहिलीं नाहींत.

यानंतर अंबाबाईच्या देवळांत यावें. दर्शनाची रांग, पादत्राणें कोठें ठेवावयाचीं, छायाचित्रें कोठें घेऊं नयेत, हें आधींच सांगून ठेवलें कीं अर्धी कटकट वांचते. पाहुण्यांना किरणोत्सवाची गोष्ट अवश्य सांगावी. देवीची मूर्ति पश्चिमाभिमुख आहे, आणि नोव्हेंबरच्या ९, १० व ११ या तारखांस, व पुन्हां ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या तीन दिवशीं, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून थेट गाभाऱ्यांत येतात आणि पायांपासून मुखाकडे चढत जातात. हेच दिवस कां? डिसेंबरच्या २१ तारखेच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकास पोंचतो. नोव्हेंबरचे ते दिवस त्याच्या जवळजवळ एकेचाळीस दिवस आधीं पडतात, आणि फेब्रुवारीचे तितकेच नंतर. जातांना व येतांना सूर्य क्षितिजाच्या एकाच जागीं मावळतो, एवढेंच त्यांतलें रहस्य. कोपर्निकसच्या देशांतल्या मुलांना हें चटकन् उमगतें. आपल्या मुलांना मात्र कागदावर आकृति काढून दाखवावी लागली. अलीकडे वाटेंत उंच इमारती आल्यामुळें कांहीं वर्षीं किरण अडतात, हेंहि लपवूं नये.

टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालय बहुतेक मंडळी वगळतात. तें वगळूं नये. पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी म्हणून टेंकाड आहे. तेथें १९४५ च्या सुमारास उत्खनन होऊन सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष सांपडले, आणि त्यांत समुद्रदेव पोसायडन याची एक कांस्यमूर्ति निघाली. वीतभरहि उंच नाहीं. सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं रोमशीं चाललेल्या व्यापारांतून ती येथें आली. ती मातींतून वर आली तेव्हां इकडे वळिवड्यास पोलिश मुलें शाळेंत बसलेलीं होतीं. पोसायडनला समुद्रावांचून करमत असेल काय, असें एका पाहुण्यानें विचारलें होतें. रंकाळा आहे कीं, असें आमच्या मुलांचें उत्तर!

राजवाड्याविषयीं मी फार लिहीत नाहीं. १८८४ सालीं पूर्ण झालेली ती वास्तु सुंदर आहे, पण आंतील शस्त्रें आणि पेंढा भरलेलीं जनावरें पाहून पाहुण्या मुली लौकर कंटाळतात. त्यापेक्षां शाहू महाराजांनीं १९१२ सालीं बांधून घेतलेलें खासबाग मैदान दाखवावें, आणि एखाद्या तालमींत नेऊन ताक, तेल, हळद घालून मळलेली तांबडी माती हातांत द्यावी. चपलांच्या दुकानांत मात्र ठरलेला अर्धा तास द्यावा. करकर वाजणारी चप्पल पायांत घातल्यावांचून कोणाहि पाहुण्याचें समाधान होत नाहीं, आणि ती पहिले दोन दिवस चावते हें सांगण्याचें धैर्य कोणाहि दुकानदारास होत नाहीं.

जेवणाची व्यवस्था शक्य तर घरींच करावी. तिखटाची धास्ती गृहिणींनाच फार असते. वरणभात, तूप, लिंबू, बटाट्याची भाजी व श्रीखंड एवढ्यावर पाहुणे तृप्त होतात. बटाटा तर त्यांच्याकडील घरोघरचें अन्न आहे, आणि आपली कोंवळ्या काकडीची दह्यांतली कोशिंबीर पाहून एका पोलिश मुलीनें ‘ही तर आमच्या घरची’ म्हणून दोनदां मागून घेतली.

दिवस मावळतांना गंगावेशींतील दुधाच्या कट्ट्यावर जावें. म्हशी दारांत उभ्या असतात, गवळी तुमच्या देखत धार काढतो, आणि फेंस आलेला उबदार पेला हातांत देतो. पाहुण्यांचीं आरोग्यविषयक शंकाकुशंका तेथें थोडीफार जागृत होतात, व कोणी प्यावें, कोणी न प्यावें, हें ज्यानें त्यानें ठरवावें. मुलांनीं मात्र पैज लावून पेले रिकामे केले, ओंठांवर पांढऱ्या मिशा आल्या, आणि गवळीबोवांनीं पैसे घेतांना पाहुणे कोणत्या देशाचे म्हणून चौकशी केली. यजमानांतल्या एका मुलानें वळिवड्याची सारी हकीकत त्यांना सांगावयास घेतली, अगदीं कझाकस्तानापासून. पुढच्या गिऱ्हाइकांची रांग वाढली, तरी गवळीबोवा ऐकत होते. दुसऱ्या दिवशीं पन्हाळा करावयाचा होता. त्याविषयीं पुन्हां केव्हां तरी.