पंतांचे दुखणे

सरड्याला आपल्या भाषेत फारशी अब्रू नाही. त्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणजे कुवत बेताची. घडोघडी शब्द फिरवणाऱ्याला आपण सरड्याची उपमा देतो, म्हणजे चारित्र्यही संशयास्पद. शाळेत तेहतीस वर्षे मराठी शिकवताना हे दोन्ही प्रयोग मी मुलांकडून वाक्यांत उपयोग करून घोटून घेतले. पण त्या प्राण्याची बाजू घेणारा एकही वकील वर्गात निघाला नाही. म्हणून लेकीने न्यू जर्सीहून फोनवर "आई, तुझ्या नातीनं सरडा पाळलाय," असे सांगितले, तेव्हा "का ग, तिकडे पोपट मिळत नाहीत?" एवढेच माझ्या तोंडून निघाले.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी सहा महिन्यांसाठी तिच्याकडे गेले. ती एडिसनला राहते. तिथे चकलीच्या भाजणीपासून उटण्यापर्यंत सगळे मिळते, त्यामुळे परमुलखात आल्यासारखे वाटले नाही. परके वाटले ते एकच. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात माणसाएवढा उंच जाळीचा पिंजरा, त्यात कुंडीतली झाडे, आडव्यातिडव्या फांद्या, वर दोन दिवे. आणि एका फांदीवर, शेपटीचा वेटोळा घालून, एक डोळा माझ्याकडे आणि दुसरा भिंतीकडे लावून बसलेले ते गृहस्थ.

हा आपल्या कुंपणावरचा सरडा नव्हे. ही शॅमेलिऑनची जात मूळची येमेनची आणि त्याला लागून असलेल्या सौदी अरबस्तानच्या डोंगराळ भागातली. हल्ली तिची पैदास पिंजऱ्यांतच होते आणि अमेरिकेत ती पाळता येते. डोक्यावर उंच तुरा, पुढून पाहिले तर थेट पेशवाई पगडी. पायांची बोटे दोन-तीनच्या जुड्यांनी चिकटलेली, त्यामुळे फांदी चिमट्यात धरल्यासारखी धरतात. पाऊल टाकायचे तर आधी दोनदा पुढेमागे डोलणार, मग एक पाय उचलणार, तो हवेत ठेवून विचार करणार. मला एकदम आमच्या शाळेचे जुने हेडक्लार्क आठवले. "याचं नाव पंत," मी म्हटले. नातीला नाव पसंत पडले. त्याच्या जिभेवर मात्र या संथपणाचा काही परिणाम नाही. अंगाहून लांब असलेली ती जीभ सुटते कधी आणि रातकिडा घेऊन परत येते कधी, हे डोळ्याला कळतही नाही.

नात नऊ वर्षांची. तिने पंतांची एक वही ठेवली होती. काय खाल्ले, पाणी प्यायले का, शी कशी झाली आणि दर शनिवारी वजन किती, असे चार रकाने. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर, फांदीसकट पंतांना ठेवून, मागून फांदीचे वजा करून. पाण्याचा रकाना कशाला, असे मी विचारले, तर कळले की हा प्राणी बहुधा वाटीतले पाणी पीत नाही. पानावरचे थेंब हलताना दिसले तरच चाटतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारा मारायचा. शीचा रकाना कशाला, तर विष्ठेबरोबर पडणारा पांढरा भाग पांढराच असला पाहिजे. तो पिवळा-नारिंगी होऊ लागला की पाणी कमी पडते आहे असे समजायचे. पोटच्या पोरांचीही एवढी बारकाईने नोंद ठेवणारे घर मी पाहिले नव्हते.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिने मला स्वयंपाकघरात येऊन सांगितले, "आजी, पंत आज तीनदा चुकला."

चुकला म्हणजे जीभ सुटली, पण रातकिड्यापर्यंत पोचली नाही. तसे पाहिले तर यात काय मोठेसे? आपलाही एखाद्या दिवशी घास ओठावरून सांडतो. रंग नेहमीसारखा हिरवा होता, जेवण थोडेफार होत होते. जावई म्हणाले, "थंडी पडलीय, थोडा सुस्त असेल." पण वहीत दुसऱ्या दिवशी लिहिले गेले, 'खालच्या फांदीवर बसला.' तिसऱ्या दिवशी, 'दुपारी एक डोळा मिटला.' शनिवारी काट्याने १२१ ग्रॅमऐवजी ११२ दाखवले. त्या रात्री मी चष्मा लावून जवळून पाहिले. पंतांनी फांदी धरली होती, पण धरलेला पाय किंचित थरथरत होता आणि पुढच्या हाताला कोपराखाली बाक आला होता.

तो बाक मी ओळखला. माझ्या लहानपणी आळीत अशी मुले असत. पाय धनुकलीसारखे, दात उशिरा आलेले. बायका त्याला मुडदूस म्हणत आणि मुलाला तेल लावून कोवळ्या उन्हात निजवायला सांगत. "अग, याला मुडदूस झालाय," मी लेकीला म्हटले. तिला शब्दच ठाऊक नव्हता. पण माझा चेहरा पाहून तिने दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली.

सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर प्रत्येक जनावरांच्या दवाखान्यात असत नाही. आम्हांला चाळीस मिनिटे गाडीने जावे लागले. बाहेर गोठवणारा वारा, म्हणून पंतांना खोक्यात घालून भोवती गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवली होती. नात खोके मांडीवर घेऊन सबंध रस्ता गप्प बसली. "तो मरेल का?" हा प्रश्न तिने आईला विचारला नाही, मलाही विचारला नाही. डॉक्टरीणबाईंनाच विचारला. त्यांनीही तिला खोटा धीर दिला नाही. "आधी पाहू या," म्हणाल्या.

क्ष-किरणांच्या चित्रात पंतांची हाडे धुक्यातल्या काटक्यांसारखी पुसट दिसली. मग बाईंनी विचारले, "वरची नळी कधी बदलली होती?" पिंजऱ्यावरच्या दोन दिव्यांपैकी एक उबेचा, दुसरा अतिनील किरणांचा. त्या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते आणि ते असले तरच अन्नातला कॅल्शियम अंगी लागतो. तो लागेनासा झाला की रक्ताची गरज भागवायला शरीर हाडांतली पुंजी मोडू लागते. स्नायूंनाही कॅल्शियम हवा. म्हणून जीभ चुकते, पकड सुटते, पाय थरथरतात. गंमत अशी, की ती नळी जुनी झाली तरी दिसायला तेवढीच लखलखते. तिच्यातले अतिनील किरण काही महिन्यांत ओसरत जातात, आणि आपल्या डोळ्यांना ते मुळातच दिसत नाहीत. खिडकीतले ऊनही कामाचे नाही. काचेतून ऊब येते, पण हे किरण अडतात. म्हणून नळी ठरावीक काळाने तारीख पाहून बदलायची, ती जळेपर्यंत थांबायचे नाही.

औषध म्हणजे कॅल्शियमचे पातळ मिश्रण, थेंबांच्या हिशेबाने. प्रमाण त्यांनी लिहून दिले आणि बजावले की अंदाजाने वाढवू नका. ड जीवनसत्त्व जास्त झाले तर तेही मूत्रपिंडांना बाधते. खात नाही म्हणून तोंड उघडून घास कोंबू नका; आधी ऊब आणि पाणी, मग अन्न. हाताळणे कमी. फांद्या खाली आणा आणि तळाला टॉवेल घाला, म्हणजे पडला तरी हाड मोडणार नाही. इतर दुखण्यांच्या खुणाही त्यांनी नातीला समजावून सांगितल्या. खोल गेलेले डोळे पाण्याची कमतरता सांगतात. तोंड उघडे टाकून, मान वर करून घेतलेला श्वास छातीचे दुखणे सांगतो. मादी असेल आणि अस्वस्थपणे माती उकरूनही अंडी घालत नसेल, तर एक दिवसही दवडायचा नाही. नराशी गाठ न पडताही तिला अंडी होतात. आणि दिवसाउजेडी मिटलेले डोळे, ही सगळ्यांत धोक्याची खूण. नातीने सगळे वहीत उतरवले.

मी विचारले, "इतकं दुखत असताना यानं काही दाखवलं कसं नाही?" बाई हसल्या. रानात दुबळा दिसला तो शिकार झाला. म्हणून दुखणे लपवणे हा याचा स्वभाव. दिसू लागते तेव्हा ते बरेच जुने झालेले असते.

मला आमची आई आठवली. तिला कधीही विचारा, "काही नाही रे, जरा दमले," हेच उत्तर. घरात आम्ही आठ माणसे, सगळी डोळस. पण आई पाटावरून उठताना जमिनीला हात टेकू लागली आहे, हे पहिल्यांदा बोलून दाखवले ते सर्वांत धाकट्या भावाने. तो पाच वर्षांचा होता, जमिनीच्या पातळीवरच वावरत होता. तेवढ्यावरून वडिलांनी डॉक्टरांना बोलावले. आई पुढे तेवीस वर्षे जगली. आजार ओळखायला वैद्यक लागते ते नंतर. आधी रोजचे माणूस रोज कसे उठते, कसे बसते, हे पाहिलेले असावे लागते. ते ज्याने पाहिले आहे त्यालाच आजचा फरक दिसतो.

डिसेंबर कठीण गेला. वजन १०४ वर उतरले. नात शाळेतून आली की बूटही न काढता पिंजऱ्यापाशी जाई. नाताळच्या सुट्टीत एका दुपारी पंत टॉवेलावर पडलेले सापडले, तेव्हा आम्ही सगळ्यांनीच श्वास रोखला. पण हाड मोडले नव्हते. जानेवारीच्या मध्यावर जीभ पुन्हा लागू लागली. फेब्रुवारीत ते वरच्या फांदीवर गेले. हाताचा बाक मात्र राहिला. तो आता जन्माचा.

त्या सक्तीच्या विश्रांतीत मी पंतांच्या रंगाबद्दल वाचले आणि माझा वाक्प्रचार ढिला पडला. शॅमेलिऑन मागच्या पानाशी मिळवून घेण्यासाठी रंग बदलतो, हा आपला समज फारसा खरा नाही. जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी मादागास्करच्या एका जातीवर काम करून २०१५ साली दाखवले, की त्याच्या कातडीत ग्वानीनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. तो शांत असता ते जवळजवळ असतात, तेव्हा तो हिरवा दिसतो. खवळला की त्यांच्यातले अंतर वाढते आणि पिवळे-तांबडे रंग झळकतात. थंडी वाजली की हे प्राणी काळवंडतात, म्हणजे ऊब जास्त शोषली जाते. म्हणजे रंग बदलतो तेव्हा तो बहुधा मनातले खरे सांगतच असतो. दुखणे तेवढे लपवतो.

एप्रिलात मी पुण्याला परतले. जूनमध्ये सोसायटीच्या मेंदीच्या कुंपणात आपल्याकडचा घोयरा निघाला, पंतांचाच देशी भाऊबंद. माळीदादांनी काठी उचलली होती. "विषारी असतो, बाई." मी त्यांना तो विषारी नसतो हे सांगितले, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मारता येत नाही, घरी नेऊन पाळताही येत नाही, हेही सांगितले. वरच्या मजल्यावरची मुले जमली होती. घोयऱ्याने एक डोळा काठीकडे आणि एक मुलांकडे लावला, दोनदा डोलला आणि कुंपण ओलांडून पलीकडच्या बाभळीवर चढला.

दर रविवारी सकाळी नातीचा फोन येतो. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते.

"आजी, पंत एकशे बावीस."

"छान."

"आणि तुझं ब्लडप्रेशर?"

"ठीक आहे ग."

"ठीक म्हणजे किती?"

मग मला उठून, चष्मा लावून, खरा आकडा वाचून दाखवावा लागतो. पलीकडे वहीचे पान उलटल्याचा आवाज येतो.