बिघडलेला शब्द



अर्थपरिवर्तनाचा घटक आपण नुकताच वाचला आहे. शब्दाचा अर्थ विस्तारतो, संकोचतो, कधी उंचावतो, तर कधी घसरतो, हे आपल्या परिचयाचे झाले असेल. यांपैकी शेवटचा प्रकार, म्हणजे अर्थापकर्ष, मी अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. अशोकाच्या शिलालेखांत ‘पाषंड’ म्हणजे कोणताही धर्मपंथ. आज ‘पाखंड’ म्हटले की आपल्या मनात ढोंग उभे राहते. हे उदाहरण देताना अशा घसरणीला शतके लागतात, असेही मी सांगत असे. प्रत्यक्षात माझ्याच हातून एक शब्द अवघ्या तीन आठवड्यांत घसरला आणि त्यापायी एका मुक्या जिवावर बेतले. त्याची ही हकिगत आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीने रस्त्याकडेचे एक गावठी पिल्लू घरी आणले. वय सुमारे अडीच महिने, रंग करपलेल्या भाकरीचा, आणि नाव मात्र मोती. चिन्हाची यादृच्छिकता शिकविण्यास याहून चांगले उदाहरण मला मिळाले नसते. माझी आई त्याला ‘मोत्या’ म्हणे, मुलगी ‘मोतू’. बसण्याची आज्ञा तर चौघांची चार प्रकारची. मुलगी ‘सिट’ म्हणे, पत्नी ‘बस’, मी ‘बैस’ आणि आई ‘खाली बस रे बाळा’. पिल्लू चौघांच्या तोंडाकडे पाहून शेपटी हलवीत उभेच राही आणि आम्ही चौघे त्याला हट्टी ठरवीत असू.

येथे थोडे विषयांतर करतो. आपसांत अस्सल मराठी बोलणारी कुटुंबे कुत्र्याशी मात्र इंग्रजीत का बोलतात, याचे आपल्याला कधी नवल वाटले आहे काय? हा केवळ भाषिक न्यूनगंड नसावा. आपल्या भाषेत कुत्र्यासाठी जुने शब्द आहेत ते ‘हाड’, ‘छू’ आणि ‘यू यू’. एक हाकलण्याचा, दुसरा अंगावर सोडण्याचा, तिसरा भाकरीसाठी बोलावण्याचा. कुत्रे आपल्याकडे बहुधा ओसरीपाशीच थांबले. मग घरातल्या वागणुकीचे शब्द घडणार तरी कसे?

मोती मात्र ओसरी ओलांडून थेट दिवाणखान्यात आला होता आणि फरशी वारंवार ओली करीत होता. महाविद्यालयातून घरी आलो की कोपऱ्यात थारोळे दिसे. मी दारातूनच ‘मोती, ये!’ अशी हाक मारी. तो धावत येई. मग त्याला त्या कोपऱ्यापाशी नेऊन मी रागे भरत असे. एकदोनदा चापटीही दिली. तो कान पाडी, अंग चोरी, नजर चुकवी. त्याला अपराध कळला, असे मी समजत होतो. त्याला कळत होता तो माझा चढलेला आवाज. दोन तासांपूर्वी केलेल्या कृतीचा आताच्या रागाशी संबंध जोडणे कुत्र्याला जमत नाही. जोडला जातो तो अगदी लगतच्या गोष्टीशी, आणि लगतची गोष्ट होती माझी हाक व तिला ओ देऊन त्याचे धावत येणे. (आपला स्वाध्याय लिहून तीन महिने लोटल्यावर त्यावर आमचा ‘असमाधानकारक’ हा शेरा हाती पडतो, तेव्हा आपल्यालाही असेच काही वाटत असेल. पण तो विषय निराळा.)

एके सकाळी त्याला घेऊन गंगापूर रस्त्याच्या कडेने निघालो. दोरी ताणून पुढे धावण्याची त्याची नेहमीची ओढाताण चालली होती. मीही नेहमीप्रमाणे दोरीला हिसके देत होतो. एका हिसक्याला तो मागे रेटला आणि सैल गळपट्टा कानांवरून निसटला. तो माझ्यापासून जेमतेम पाच हातांवर होता. मी पूर्ण आवाजात ओरडलो, ‘मोती, ये!’ तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले, कान मागे टाकले आणि वळून नेमका रहदारीत शिरला. दुधाच्या गाडीच्या चालकाने करकचून ब्रेक लावला, म्हणून तो वाचला. पुढे एका पानटपरीखाली दडून बसलेला सापडला, थरथरत. मी जवळ गेलो तेव्हा त्याने लघवी केली. या वेळी माझ्या भीतीने.

त्या रात्री मला झोप आली नाही. त्याने माझी आज्ञा मोडली नव्हती. ‘मोती, ये’ या शब्दांचा मी त्याला शिकविलेला अर्थच मुळी ‘आता मार बसणार’ असा होता, आणि त्या अर्थाला अनुसरून तो अगदी बरोबर वागला होता. 2016 मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी कुत्र्यांच्या मेंदूची प्रतिमाचित्रे घेऊन एक गोष्ट दाखवून दिली. स्तुतीचा शब्द आणि स्तुतीचा सूर ही दोन्ही एकत्र आली, तरच मेंदूतील आनंदाशी निगडित भाग उत्तेजित होतो. सूर आणि अर्थ यांच्या नात्यावर मी व्याख्याने दिली आहेत. घरी मात्र ते नाते मला सांभाळता आले नव्हते.

मग आम्ही सगळे नव्याने मांडले. बसण्यासाठी सर्वांनी ‘बस’ हा एकच शब्द वापरायचा, तोही एकदाच उच्चारायचा. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर पिल्लाला तत्काळ बाहेर न्यायचे. तीन महिन्यांचे पिल्लू फार तर तीनेक तास तग धरते. पाच तासांनी घरी परतणाऱ्या माणसाने त्याला दोष द्यावा, हे कोणत्या न्यायात बसते? बाहेर विधी उरकताच, त्याच क्षणी, पनीरचा कण आणि शाबासकी. घरात चूक झाली, तर न बोलता फरशी पुसायची. तीही वास समूळ जाईल अशी, कारण आपल्याला न जाणवणारा वास त्याला तीच जागा पुन्हा सुचवितो. बक्षीस म्हणून आई त्याला मनुका देऊ लागली होती. द्राक्षांच्या या नाशिकात मनुका प्रत्येक डब्यात असते, परंतु द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे पशुवैद्यांनी वेळीच सांगितले.

दोरीची गोष्ट अधिक जिकिरीची ठरली. कुत्रे ओढते आणि आपण त्याच्यामागून जातो, तेव्हा ओढल्याने पुढे जाता येते, हाच धडा आपण त्याला देत असतो. म्हणून गळपट्ट्याऐवजी छातीवरचा पट्टा आणला आणि नियम ठरविला, की दोरी ताणली की मी खांबासारखा उभा. ती सैल झाली की पुन्हा चालणे. पहिल्या दिवशी घरापासून फाटकापर्यंत जाण्यास वीस मिनिटे लागली. शेजारी गॅलरीतून पाहत होते. पाचव्या दिवशी माझाच धीर सुटला, दोनदा ताणलेल्या दोरीमागून गेलो आणि पुढचे तीन दिवस त्याची भरपाई करीत बसलो. साधारण दीड महिन्याने दोरी आम्हा दोघांमध्ये सैल लोंबू लागली. वाटेत एखादे झुडूप मनसोक्त हुंगायचे असेल, तर मी थांबतो; फिरण्याचा निम्मा आनंद त्याला नाकानेच मिळतो.

राहिला तो बिघडलेला शब्द. तो दुरुस्त करण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. ‘मोती, ये’ म्हणून पनीर दिले, लाड केले. तो येई, पण अर्ध्यावर थबके. अखेर आईच म्हणाली, “अरे, तो शब्द सोड आता. आमच्याकडे कुत्र्याला यू यू म्हणून बोलवायचे.” अर्थ नासला की भाषा नवा शब्द जवळ करते, हे मला आईने सांगावे लागले. ‘यू यू’ मात्र आम्ही फार जपून वापरला. रागाच्या वेळी कधीही नाही, आंघोळ घालण्यासाठी नाही, डॉक्टरांकडे नेण्यासाठीही नाही.

आज मोती दीड वर्षाचा आहे. मोकळ्या मैदानात ‘यू यू’ ऐकताच तो कान उभारून माझ्याकडे झेपावतो. बाजूने जाणारे विद्यार्थी प्राध्यापकांना असे ओरडताना पाहून हसू दाबतात. आईने ‘मोत्या’ म्हटले की तो तिच्या पायांशी लोळण घेतो. माझ्या तोंडून चुकून ‘मोती’ निघालेच, तर तो अजूनही आधी माझ्या हाताकडे पाहतो.