रंगवलेला माठ

घडवलेला माल घेऊन प्रदर्शनाला जावं का, असं आमच्या वैजापूर भागातली कुंभारांची तरुण पोरं हल्ली विचारतात. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभारकामही आहे; अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पहिल्या टप्प्यात विनातारण १ लाखापर्यंत कर्ज मिळतं. विजेच्या चाकावर माल भराभर उतरतो, मग तो विकायचा कुठे हा प्रश्न उभा राहतो. मला जे काही कळलं ते चुकून कळलं, म्हणून त्या चुकाच सांगतो.

पहिली चूक माठाची. घरात माठ घडवायचे आमचे आण्णा. त्यांचे माठ साधे, गेरूचा हात फिरवलेले. शहरातल्या गिऱ्हाइकाच्या नजरेत भरावेत म्हणून मी त्यांच्यावर ऑइलपेंटने चित्रं काढून घेतली, वरून वॉर्निश मारलं. आण्णांनी हटकलं होतं, "अरे, असं रंगवल्यावर पाणी झिरपायचं कुठून?" मी ऐकलं नाही. माठ हातोहात खपले आणि उन्हाळ्यात फोन सुरू झाले, "भाऊ, पाणी गारच होत नाही." होणार कसं? माठाच्या अंगातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतलं पाणी गार राहतं. मी ती छिद्रंच बुजवली होती. दिसायला देखणा, पण माठाचं काम न करणारा माठ मी लोकांना विकला.

दुसरी चूक जिभेची. "यात भाजी शिजेल का? गॅसवर चालेल?" असं कुणी विचारलं की मी "हो ताई, चालेल" म्हणून मोकळा. पाण्याच्या मडक्याची माती वेगळी कालवतात, चुलीवरच्या भांड्याची वेगळी. चुलीच्या भांड्याला वाळू जास्त लागते, जाडी सगळीकडे सारखी आणि बूड गोलसर लागतं, तेव्हा ते आच सोसतं. पाण्यासाठी केलेलं सपाट बुडाचं भांडं मोठ्या आचेवर तडकतं. नवं भांडं आधी रात्रभर भिजवा, सुरुवातीला आच मंद ठेवा, एवढंही मी सांगितलं नाही. ज्यांची भांडी फुटली, त्यांचा मातीच्या भांड्यांवरचाच विश्वास उडाला. ते नुकसान माझ्या एकट्याचं नाही, सगळ्या कुंभारांचं झालं.

तिसरी चूक हिशेबाची. गल्ला पाहून मी खूश झालो. स्टॉलचं भाडं, गाडीभाडं, राहणं-खाणं, वाटेतली फूटतूट आणि बुडालेली मजुरी वजा केली तेव्हा हातात फारसं उरलं नाही. त्यात मोठी प्रदर्शनं बहुतेक हिवाळ्यात भरतात आणि तोच आमचा संक्रांतीच्या सुगडांचा हंगाम. मी शहरात बसलो, इकडे पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडून सुगडं नेणारी घरं दुसऱ्या दारी गेली. पोळ्याचे बैल, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या, सुगडं, उन्हाळ्याचे माठ, अक्षय्य तृतीयेची मातीची केळी, असं कुंभाराचं वर्ष सणांना बांधलेलं असतं. पावसाळ्यात कच्ची भांडी वाळत नाहीत, ती भाजायचा आवा लावणं कठीण होतं. बाहेर विकायचा माल याच वर्षात बसवावा लागतो, हे मी धरलंच नव्हतं.

मग जावं की नाही? जावं. मुंबईचं बचत गटांचं महालक्ष्मी सरस, पुण्याची भीमथडी जत्रा अशा ठिकाणी घेणारा समोर उभा असतो. त्याच्या घरात काय लागतं, हे त्याच्याच तोंडून ऐकायला मिळतं. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेल्यामुळे वाटही सोपी झाली आहे. पण आता गावातली सणाची मागणी आधी पुरी करतो आणि उरलेल्या मालातून निवड करतो. प्रत्येक भांडं बोटाच्या पेराने वाजवून पाहतो. खणखणीत वाजलं तर गव्हाच्या भुशात बांधतो, बद्द वाजलं तर घरीच ठेवतो. भांडं कशाचं, कसं वापरायचं, याची चिठ्ठी आत टाकतो. जागेवरच्या विक्रीपेक्षा पुढची ऑर्डर किती मिळाली ते मोजतो.

पोरांना एवढंच सांगतो: भांडं ज्या कामासाठी घडवलं, ते काम सांगूनच विका. ज्या प्रदर्शनासाठी ते काम बिघडवावं लागेल, त्याचा अर्जच भरू नका.