डासाच्या पेशी आणि आमची आत्या

गेल्या उन्हाळ्यात आमच्या क्रेगीबर्नमधील एक मराठी शेजारीण मरे नदीकाठी चार दिवस राहून आली. आठवड्याभराने तिला ताप भरला. तो उतरला, पण गुडघे आणि मनगटे धरून राहिली. रक्त तपासल्यावर ‘रॉस रिव्हर’ विषाणूचा आजार निघाला. तो डासांमार्फतच होतो. दोन महिने झाले तरी दुखणे जाईना, तेव्हा घरची माणसे कुरकुरू लागली. एके दिवशी ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “मावशी, मी सोंग करते का हो?”

हा प्रश्न मी पूर्वी ऐकला होता. १९७३ साली मी अकरा वर्षांची होते. आत्याचे यजमान रेल्वेत, त्यामुळे बिऱ्हाड बार्शीस. त्या वर्षी बार्शीत तापाची मोठी साथ आली. आत्याचा ताप गेला, पण तिला पाण्याचा तांब्याही उचलवेना. भिंतीला धरून, कमरेत वाकून ती चाले. शेजारपाजारी म्हणत, “कामाचा कंटाळा, दुसरे काय!” पुढे कळले की ती चिकुनगुन्याची साथ होती. हा शब्द आफ्रिकेतील माकोंदे भाषेतला. अर्थ, ‘वाकवून टाकणारा’. आत्या म्हणाली, “बघ, माझ्या दुखण्याला नाव आहे!”

असे नाव सापडण्यास विषाणू ओळखावा लागतो, आणि ओळखण्यास तो तेव्हा वाढवावा लागे. तो जिवंत पेशीतच वाढतो. पूर्वी त्यासाठी उंदरांच्या तान्ह्या पिलांच्या मेंदूत नमुना टोचीत. १९६२ साली कॅनबेरात ग्रेस या शास्त्रज्ञांनी निलगिरीवरील पतंगाच्या पेशी बाटलीत कायमच्या वाढत्या ठेवल्या. १९६७ साली पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात के. आर. पी. सिंग यांनी हेच डासांच्या बाबतीत साधले. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या एडिस डासाच्या अळ्या निर्जंतुक करून, बारीक चिरून, त्यांच्या पेशी पोषक द्रवात ठेवल्या. त्या वाढल्या की थोड्या नव्या बाटलीत घालावयाच्या. आपण विरजण राखतो ना, तसेच! डेंग्यू आणि चिकुनगुन्याचे विषाणू या पेशींत वाढतात.

१९७८ साली जपानी शास्त्रज्ञ इगाराशी यांनी सिंग यांच्या पेशींतून एक वंश निवडला. तो ‘सी ६/३६’. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच सिंग यांचे नाव आहे. २०१० मध्ये उलगडा झाला की या पेशींची विषाणूशी झुंजण्याची एक शक्तीच अधू आहे, म्हणून विषाणू तेथे फोफावतो. अधूपणही असे उपयोगी पडले! जगभरच्या प्रयोगशाळांत हे पुण्याचे विरजण आजही चालू आहे. त्याच १९७८ साली पुण्याच्या केंद्राचे नाव राष्ट्रीय विषाणू संस्था झाले.

परिचारिका म्हणून मी आयुष्यभर रक्ताच्या नळ्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या. नळी पुढे कोठे जाते, कोणाच्या किती वर्षांच्या चिकाटीवर तिचे उत्तर येते, याचा विचार कधी केला नाही. कामाच्या घाईत एखाद्या रोगिणीचे “अजून दुखते हो” मीही कानाआड केले असेल.

शेजारणीला आत्याची गोष्ट सांगितली. म्हटले, “सोंग नव्हे, बाई. हे दुखणे महिनोन्‌महिने राहू शकते. घरच्यांना माझ्याकडे पाठव.” ती डोळे पुसून हसली. मग दोघींनी मिळून माझ्या अंगणातील कुंड्यांखालच्या बशांतले साचलेले पाणी ओतून टाकले.