वॉर्डातली नखं

३ मे २०२५, शनिवार, कर्जत
लग्नाची रजा संपवून आमची धाकटी सिस्टर आज ड्यूटीवर आली. भावाच्या लग्नासाठी नगरला जाऊन नेल एक्स्टेन्शन करून घेतलंय. बदामी रंग, टोकाला बारीक चमकी. हात सुरेख दिसत होते. पण ग्लोव्हज चढवताना पहिलाच बोटाशी टर्रकन फाटला. बाळांकडे न पाठवता मी तिला रजिस्टरवर बसवलं. चेहरा पडला तिचा.

४ मे, रविवार
“ताई, मी हात धुतेच की चांगले!”
दोघी बेसिनपाशी गेलो. हात धुण्याच्या पायऱ्या तिला तोंडपाठ आहेत. बोटांची टोकं तळव्यावर घासायची वेळ आली आणि अडलं. नखं तळव्याला टेकत होती, बोटं वरच राहत होती. हातावरचे जंतू सगळ्यात जास्त असतात ते नखाखालीच. त्यात चिकटवलेलं नख कडेनं जरा सुटलं, की फटीत ओल धरते. तिथे ना साबण पोचत, ना सॅनिटायझर. तिनं स्वतःच हात उलटसुलट करून पाहिले. मग काही बोलली नाही.

५ मे, सोमवार
आज जागतिक हात स्वच्छता दिन. चहाच्या वेळी सगळ्यांना ओक्लाहोमा सिटीची हकिगत सांगितली. १९९७-९८ साली तिथल्या नवजात अतिदक्षता विभागात स्यूडोमोनासची साथ आली, १६ बाळं गेली. तपासात दोन परिचारिकांशी संबंध दिसला. एकीची नखं कृत्रिम, दुसरीची स्वतःचीच, पण दोघींचीही लांब. अभ्यासकांनी नखांचा वाटा असण्याची शक्यता मांडली. त्या दुसरीचा विचार माझ्या मनातून जात नाही. एकट्या पोरीला बोलून भागणार नाही. करंगळीचं नख वाढवणारे आपल्यातही आहेत, डॉक्टरांपासून वॉर्डबॉयपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या सूचना सरसकट आहेत: रुग्णाला हात लावणाऱ्यानं कृत्रिम नखं लावू नयेत, स्वतःची अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवावीत.

७ मे, बुधवार
ती नखं ओढूनच काढायला निघाली होती. वेळीच थांबवलं, खालचं नख सोलवटून आलं असतं. पार्लरमध्ये ॲसिटोनमध्ये भिजवून काढली. खालची नखं कागदासारखी पातळ झालीत. दुपारी राशीनच्या बाईच्या कमी वजनाच्या बाळाला तिनंच वाटी-चमच्यानं दूध पाजलं.

९ मे, शुक्रवार
आणखी एकीचा रजेचा अर्ज. मिरजगावला बहिणीचं लग्न. सही करतानाच सांगितलं, “मेंदी कोपरापर्यंत काढ, नखं मात्र आहेत तेवढीच राहू देत.”