श्रावणातले टपाल

कारखाना म्हटला की जुन्या मुलुंडकरांच्या डोळ्यांपुढे लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या चिमण्या उभ्या राहतात. त्यांतल्या बहुतेक आता गेल्या; त्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. आमचा कारखाना मात्र टिकून आहे. त्याला चिमणी नाही, भोंगा नाही आणि युनियन तर नाहीच नाही! एक पत्र्याची शेड, लाकडी फळ्यांचे मांडे, छपरावर निळे प्लॅस्टिक आणि आत दाटीवाटीने बसलेले दीडशे गणपती. मूर्ती घडतात त्या जागेला पेणपासून मुंबईपर्यंत कारखानाच म्हणतात. मी त्या कारखान्यातच लहानाची मोठी झाले.

श्रावण म्हटला की आमच्या मराठीच्या वर्गात हिरवळ, ऊनपाऊस आणि इंद्रधनुष्य यांची चर्चा रंगते. मूर्तिकाराच्या घरी श्रावण म्हणजे ओली हवा! शाडू वाळता वाळत नाही. पंखे लावा, पिवळे दिवे लावा, तडा गेला तर ओल्या मातीने बुजवा आणि पुन्हा वाट पाहा. २०२५ साली राखी पौर्णिमा ९ ऑगस्टला होती आणि गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला. मध्ये अवघे अठरा दिवस! नारळी पौर्णिमेच्या आधीचा आठवडा म्हणूनच आमच्याकडे परीक्षेच्या आठवड्यासारखा असतो. झोप कमी, चहा जास्त.

त्या वर्षी त्यात भर पडली ती बाबांच्या डोळ्यांची. मोतीबिंदू पिकत आला होता. डॉक्टर म्हणाले, “आता थांबू नका.” बाबा म्हणाले, “अनंत चतुर्दशी होऊ द्या, मग दोन्ही डोळे तुमचेच!” सगळे हसले. पण गणपतीच्या डोळ्यांचे काय, हा प्रश्न त्या हसण्याने सुटणारा नव्हता. आमच्या धंद्यात डोळे रेखाटण्याला ‘आखणी’ म्हणतात. पितांबर कुणीही रंगवील, दागिन्यांना सोनेरी कुणीही लावील. आखणी मात्र घरातल्या एकाच हाताची असते. केसाएवढी रेघ इकडची तिकडे झाली तर प्रसन्न मूर्ती रागावलेली दिसू लागते. आमच्याकडे तो हात बाबांचा. आता ते काम माझ्याकडे आले होते आणि माझा हात कापत होता.

त्या आठवड्यात कारखान्यात येणारा प्रत्येक जण काहीतरी मागायलाच येतो. गिऱ्हाईक विचारते, “झाला का आमचा?” रंगवाला बिलाचे विचारतो. आई विचारते, “जेवायला कधी येणार?” द्यायला येणारा माणूस एकच, आमचे पोस्टमनकाका. सोमवारी त्यांनी विजेचे बिल दिले, ते सोडून द्या! पण मंगळवारी एक पोस्टकार्ड दिले. आमच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एक आजी मुलाकडे ठाण्याला राहायला गेल्या. गणपती मात्र आमच्याकडचाच नेतात. बाकीचे लोक मोबाईलवर फोटो धाडून ‘असाच हवा’ म्हणतात. आजी कार्ड लिहितात : “नेहमीप्रमाणे एक फुटी. पितांबर पिवळे. डोळे शांत असावेत. मुलीची परीक्षा कशी गेली?” १८७९ साली पाव आण्याला सुरू झालेले हे कार्ड आजही ५० पैशांना मिळते. बाबांनी ते हाताच्या अंतरावर धरून वाचायचा प्रयत्न केला आणि शेवटी माझ्याकडे दिले. मी वाचून दाखवले. ‘डोळे शांत असावेत’ या शब्दांशी माझा आवाज जरा अडखळला.

बुधवारी मुसळधार पाऊस होता. काकांनी रेनकोटच्या आतून टपाल खात्याचे ते पावसात न भिजणारे राखीचे पाकीट काढले आणि त्याबरोबर एक छोटे पुडकेही. दोन्ही आत्याकडून. माझी आत्या पेणजवळच्या हमरापूरला असते. त्या गावात घरोघरी गणपती होतात आणि आखणीला बायकाही बसतात. आत्याही बसते. त्यामुळे श्रावणात ना तिला मुंबईला येता येते, ना बाबांना तिकडे जाता येते. भावाबहिणीची भेट दरवर्षी टपालानेच होते.

राखी बाबांची होती. पुडके माझ्या नावाचे होते. आत पुठ्ठ्यात गुंडाळलेला झिरो नंबरचा ब्रश. दांडी अर्धी कापलेली, तिच्या बोटांखाली गुळगुळीत झालेली. सोबत चार ओळी : “पोरी, दादाने फोनवर सांगितले. आधी दोन्ही डोळ्यांच्या वरच्या रेघा ओढ, मग बुबुळे. एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे जाऊ नकोस. रेघ ओढताना श्वास धरून ठेव. नजर पाटासमोर बसलेल्या माणसाकडे असू दे.”

हेच तिला फोनवर सांगता आले असते. पण फोनवरून ब्रश कसा येणार? आणि तो घासून घासून गुळगुळीत झालेला लाकडाचा स्पर्श? नवा ब्रश मुलुंडच्या बाजारात मिळतो. वापरलेला ब्रश मिळत नाही. तो कुणीतरी द्यावाच लागतो.

गुरुवारी सकाळच्या उजेडात मी पहिली मूर्ती पुढे ओढली. ती आजींची होती. बाबा शेजारी बसले. त्यांना रेघ दिसत नव्हती, पण माझा श्वास ऐकू येत होता. शनिवारी आईने आत्याच्या वतीने त्यांच्या हाताला राखी बांधली, तोवर चाळीस मूर्तींचे डोळे झाले होते. त्या दिवशी बाबांनी उरलेल्या मातीचा एक उंदीर करून पोस्टमनकाकांसाठी बाजूला ठेवला. सोमवारी काकांनी तो रुमालात गुंडाळून पिशवीत, पत्रांच्या वर ठेवला.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी कारखाना रिकामा झाला आणि मी आत्याला पोस्टकार्ड लिहायला बसले. पत्त्याखाली ४०२१०७ लिहिताना मराठीच्या सरांनी वर्गात सांगितलेली गोष्ट आठवली. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि तो योजणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतातले कवी होते. म्हणजे टपालाची आखणीही एका कवीचीच! सहा आकड्यांच्या सहा चौकटी. त्या नीट भरल्या की कार्ड बरोबर हमरापूरला जाते.

मी लिहिले : “आत्या, दीडशे झाले. आजी मूर्ती न्यायला आल्या तेव्हा बराच वेळ पाहत राहिल्या आणि बाबांना म्हणाल्या, ‘यंदा तुमचा हात फार शांत लागला.’ बाबांनी फक्त माझ्याकडे बोट दाखवले.”