चोक आधी, ट्यूब नंतर

फिशटँकचा हूड बनवून घ्यायला येणारा माणूस आधी ट्यूबबद्दल बोलतो. किती केल्व्हिनची घ्यावी, लाल पानांच्या वनस्पतींना कुठली मानवते, असं बरंच. चोकचा विषय शेवटी निघतो, तोही "एखादा चांगला टाका" एवढाच. मी मात्र तिथूनच सुरुवात करतो. ट्यूबमधला वायू पेटला की प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की रोध घटतो, आणि रोध घटला की प्रवाह आणखी वाढतो. ट्यूबला आवर घालणारा चोकच. ती किती उजळेल आणि किती टिकेल, हे बरंचसं त्याच्यावर अवलंबून.

चार फुटी टाकीवर बसणाऱ्या टी-फाइव्ह ट्यूबमध्ये एक साधी २८ वॅटची, दुसरी हाय-आउटपुट ५४ वॅटची. दोघींची लांबी ११४९ मिलिमीटर, जाडी १६ मिलिमीटर, पिनाही सारख्याच. पण पहिलीला साधारण १७० मिलिअँपिअर लागतात, दुसरीला ४६०. अठ्ठावीसच्या चोकवर चोपन्नची ट्यूब पेटू शकते, आणि घोटाळा तिथेच होतो. डोळ्यांना उजेड पुरेसा वाटतो, वनस्पतींना पुरत नाही. मग दोष खताला दिला जातो. शिवाय फिलामेंट हवी तेवढी तापत नाही आणि ट्यूबची टोकं लवकर काळवंडतात. म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीत चोक घेताना मी खोक्यावरचा मोठा आकडा सोडतो आणि लेबलवरची बारीक अक्षरं वाचतो. नेमक्या कुठल्या ट्यूबसाठी, ते तिथे लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर तो चोक मी घेत नाही.

दुकानात लावून बघतो तेही कान-डोळे उघडे ठेवून. बटण दाबताक्षणी ट्यूब भपकन पेटली तर मला ते आवडत नाही. फिलामेंट थंड असताना मोठा दाब देऊन पेटवणारा तो चोक, दर वेळी तिच्यावरचा लेप थोडा उडवतो. प्रोग्रॅम्ड स्टार्टचा चोक आधी सेकंदभर फिलामेंट तापवतो, मग ट्यूब पेटवतो. टायमर लावून दुपारी टाकीला विश्रांती देणाऱ्यांकडे दिवा रोज दोनदा पेटतो, तिथे हा सेकंद फार मोलाचा.

चोक हूडमध्ये बसवू नये, असं माझं ठाम मत आहे. आत वाफ, खाऱ्या टाकीवर मिठाचे तुषार, आणि ट्यूबची उष्णता. टी-फाइव्ह ट्यूब ३५ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त उजेड देते, म्हणून तिला थोडी ऊब चालते. चोकमधल्या कपॅसिटरला नाही. दहा अंश वाढले की त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा या धंद्यातला जुना हिशेब आहे. चोकच्या डब्यावर 'टीसी' असा ठिपका असतो; तिथलं तापमान छापलेल्या मर्यादेच्या बरंच खाली राहायला हवं. मी चोक टाकीच्या स्टँडमध्ये, पाणी ठिबकणार नाही अशा उंचीवर लावतो. अर्थिंग पक्कं करतो. मात्र वायर उत्पादकाने सांगितलेल्या लांबीपलीकडे नेत नाही, कारण हा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा असतो.

पाऱ्याचा वापर रोखणाऱ्या मिनामाता कराराच्या २०२३च्या बैठकीत लांब फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन २०२७ अखेरपर्यंत थांबवायचं ठरलं. एलईडी वाईट नाही. पण पाण्यावर सलग, मऊ सावल्यांचा उजेड टी-फाइव्ह जसा पसरवते तसा मला अजून दुसरीकडे दिसलेला नाही. आहेत त्या ट्यूब जास्त काळ टिकाव्यात म्हणून हल्ली जुना हूड दुरुस्तीला आला की मी ट्यूबला हात लावण्याआधी चोक बदलायला सांगतो.